बहिऱ्या म्युटंट उंदरांच्या कॉक्लियात ग्लुटामेट नॉर्मलच येतंय, चुकतंय कुठे?

जीवरसायन_सोलापूर:
व्हीग्लुट३ (पुटिकांमध्ये ग्लुटामेट भरणारं प्रथिन) नसलेले (एसएलसी१७ए८ नॉकआउट, म्हणजे ते जनुक निकामी केलेले) उंदीर आणि त्यांची नॉर्मल भावंडं, दोघांच्या कॉक्लिया (आतल्या कानातला ऐकण्याचा शंखाकृती अवयव) सहयोगी प्रयोगशाळेतून गोठवून सोलापूरला येतात. आम्ही अख्खी कॉक्लिया वाटून, ओपीए (अमिनो आम्लं चमकवणारं रसायन) लावून एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) ग्लुटामेट, म्हणजे केशपेशीकडून चेतेकडे संदेश नेणारं रसायन, मोजतो. उंदीर ठार बहिरे आहेत, तरी दोन्ही गटांचे आकडे सारखेच. पद्धत चुकतेय की अर्थ लावताना आम्ही चुकतोय?

केशपेशी:
आकडे बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. ग्लुटामेट हे प्रत्येक पेशीच्या चयापचयातलं साधं अमिनो आम्ल आहे. आधारपेशी, स्ट्राया (कॉक्लियाच्या भिंतीतला थर), चेतापेशी, रक्त, सगळीकडे ते असतं. कॉक्लियात व्हीग्लुट३ मुख्यतः आतल्या केशपेशींतल्या (आवाज टिपणाऱ्या पेशी) पुटिकांमध्ये, म्हणजे इवल्या पिशव्यांमध्ये, ते भरतं, आणि तो साठा एकूण ग्लुटामेटच्या मानाने नगण्य. वाटलेल्या ऊतकात तो फरक दिसणारच नाही.

या उंदरांत कॅल्शियम आत येतं, पुटिका पेशीच्या पडद्याला जाऊन मिळतात, रिबनही (पुटिका धरून ठेवणारी रचना) जागेवर असतात. फक्त पुटिका रिकाम्या. म्हणून चेतातंतूला संदेश मिळत नाही. श्रवणचेतेला थेट विजेने चेतवलं तर मेंदूकडून प्रतिसाद येतो, म्हणजे पुढची वायरिंग शाबूत आहे. २०१२ मध्ये विषाणूवाहकातून हेच जनुक परत घातल्यावर उंदरांना ऐकू आलं, तेही याचमुळे.

ओटोफर्लिन (पुटिका पडद्याला मिळवणारं प्रथिन) नसलेल्या उंदरांची गोष्ट याच्या उलट. तिथे पुटिका भरलेल्या असतात, कॅल्शियमही येतं, पण पुटिका रिकामी होण्याची क्रियाच जवळपास बंद. बहिरेपण तेच, बिघाड वेगळ्या पायरीवर. म्हणून 'ग्लुटामेट किती आहे' यापेक्षा 'कुठल्या पायरीवर अडतंय' हे विचारा.

ऊतक_आणि_रंग:
सहमत. रसायन मोजण्याआधी सहयोगींकडून दोन चाचण्या मागून घ्या: एबीआर (आवाजाला श्रवणचेता व मेंदूकांडाचा विद्युत प्रतिसाद) आणि डीपीओएई (बाहेरच्या केशपेशींमुळे कानातून परत येणारा आवाज). एबीआर नाही पण डीपीओएई व्यवस्थित, तर बाहेरच्या केशपेशी काम करतायत आणि बिघाड आतल्या केशपेशीत किंवा तिच्या पुढे आहे. व्हीग्लुट३ आणि ओटोफर्लिन दोन्हींत हेच चित्र दिसायला हवं. भूल दिल्यावर उंदराचं तापमान ३७ अंशांवर ठेवलेलं असावं, थंड पडला की लहरी उशिरा येतात.

मग रंगवा. त्यासाठी गोठवलेली नव्हे, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर केलेली कॉक्लिया मागवा. द्रव गोल आणि अंडाकृती खिडकीतून हळूच आत सोडायला सांगा, नाहीतर आतलं ऊतक स्थिर व्हायच्या आधीच बिघडतं. ग्लुए२ (चेतातंतूवरचा ग्लुटामेटचा रिसेप्टर) रंगवायचं असेल तर स्थिरीकरण तासाभरावर नको, संकेत विरतो. नंतर ०.१२ मोलर ईडीटीएमध्ये (हाडातलं कॅल्शियम काढणारं रसायन, पीएच ७.४) हाड मऊ करा. पुस्तकात 'खोलीच्या तापमानाला' लिहिलेलं असतं ते सोलापूरच्या एप्रिल-मेसाठी नाही. चाळिशीपार उकाड्यात ४ अंशांवर ठेवा, वेळ जास्त लागला तरी चालेल, ईडीटीए रोज बदला.

अँटिबॉडी: सीटीबीपी२ (रिबन दाखवणारी, उंदरात बनवलेली आयजीजी१), ग्लुए२ (उंदराची आयजीजी२ए), मायोसिन ७ए (केशपेशी दाखवणारी, सशाची). पहिल्या दोन्ही उंदराच्याच, त्यामुळे दुय्यम अँटिबॉडी उपप्रकारानुसार निवडा. साधी 'अँटी-माउस' घेतली की दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक रिबनसमोर रिसेप्टर असल्याचा भास होतो. सीटीबीपी२ केंद्रकातही चमकतं, ते मोजू नका. ६३एक्स तेल-भिंग, ०.३ मायक्रोमीटरचे टप्पे. नॉर्मल उंदरात एका आतल्या केशपेशीला साधारण १० ते २० रिबन असतात. मोजणी कॉक्लियाच्या ठरावीक कंप्रतेच्या जागी करा, जिथे दिसेल तिथे नको.

जीवरसायन_सोलापूर:
म्हणजे एचपीएलसी सोडूनच द्यायची?

केशपेशी:
ग्लुटामेटसाठी हो. पेरिलिम्फचा (कॉक्लियातला द्रव) मोहही टाळा. उंदराच्या कॉक्लियात तो एक मायक्रोलिटरही नसतो, जास्त ओढलं की मेंदूतला द्रव येतो आणि तुम्ही तोच मोजता.

ॲसिटिलकोलीन तर वाटतानाच एस्टरेज फोडून टाकतं. त्याऐवजी व्हीएसीएचटी (पुटिकांमध्ये ॲसिटिलकोलीन भरणारं प्रथिन) रंगवा, आणि हा भाग खरंच बघण्यासारखा आहे. जन्मानंतर सुमारे १२ दिवसांनी उंदराला ऐकू येऊ लागतं. त्याआधी मेंदूकडून येणारे ॲसिटिलकोलीनचे तंतू थेट आतल्या केशपेशींवर असतात, नंतर ते तिथून हटतात. टीएमसी१ जनुकाच्या दोषामुळे ज्या उंदरांत यांत्रिक संवेदनच (कंपनांचं विद्युत संकेतात रूपांतर) होत नाही, त्यांच्यात हे तंतू पुन्हा आतल्या केशपेशींवर दिसतात. तुमच्या व्हीग्लुट३ उंदरांत काय होतं ते बघा. यांत्रिक संवेदन शाबूत आणि पुटिका रिकाम्या, अशी तुलना दुसरीकडे सहजी मिळत नाही. १० दिवस, २१ दिवस आणि दोन महिने, तिन्ही वयं घ्या.

एचपीएलसी वापरायचीच तर डोपामीनसाठी, विद्युतरासायनिक डिटेक्टरवर. ऊतक ०.१ मोलर पर्क्लोरिक आम्लात, बर्फावर. नॉरॲड्रेनॅलिनचं शिखर वेगळं काढा, ते रक्तवाहिन्यांच्या सिम्पथेटिक तंतूंचं असतं. शिवाय गोंगाटाने मेंदूकडून कॉक्लियाकडे येणाऱ्या बाह्य-ओलिव्हरी चेतापेशींतलं डोपामीन बनवणारं एन्झाइम वाढतं, म्हणून दोन्ही गट एकाच खोलीत वाढलेत ना, हे विचारा.

ऊतक_आणि_रंग:
एक राहिलं. वंश कोणता? सी५७बीएल/६ असेल तर त्याच्या सीडीएच२३ जनुकात (केशपेशींच्या केसांना जोडणारं प्रथिन बनवणारं) आधीच दोष असतो, काही महिन्यांत उंच कंप्रतेपासून ऐकू येणं कमी होतं. तुलना एकाच वेतातल्या भावंडांशीच करा, आणि दोन महिन्यांपलीकडे जाऊ नका.