सल्ला हवा: एकच सोर्स, पण विंडोज, उबुंटू आणि अल्मा तिन्हींसाठी पॅकेज

काटेवाला_भोसरी
नमस्कार मंडळी. आम्ही दोघे मिळून वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतो. सिरियल पोर्टवरून वजन वाचायचं, गाडीनंबर टाकायचा, पावती छापायची, संध्याकाळी हिशेब सर्व्हरला पाठवायचा. भाषा सी प्लस प्लस, खिडक्या-बटणांना क्यूटी ५ लायब्ररी, आणि बिल्डला (सोर्सपासून चालता प्रोग्रॅम बांधायला) क्यूमेक. भोसरी-चाकणकडची नऊ गिऱ्हाइकं: पाच विंडोज १०, तीन उबुंटू लिनक्स (आवृत्ती: दोन २०.०४, एक २२.०४), आणि एका कारखान्याचा आयटीवाला अल्मा ८ (हेही लिनक्सच) सोडायला तयार नाही.

आजवर लॅपटॉपवर बिल्ड करून पेन ड्राइव्हवर न्यायचो. गेल्या महिन्यात लॅपटॉपवर २२.०४ टाकलं आणि नवी आवृत्ती घेऊन चाकणला गेलो. काट्यावर ट्रक चढलेला, मागे रांग, ड्रायव्हर हॉर्न मारतायत आणि आपला प्रोग्रॅम म्हणतो 'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड'. तासभर पावत्या हाताने लिहिल्या.

आता तीन फोल्डर झालेत, प्रत्येक सिस्टिमचा एक. इकडची दुरुस्ती तिकडे करायची राहून जाते. यातून सुटायचं कसं? बजेट विचाराल तर चहापुरतं.

जुनंखोड
तीन फोल्डर? सोर्समधले बदल सांभाळणारी गिट नावाची वस्तू २००५ पासून फुकट मिळते. बाकीचं ती वापरायला लागलात की विचारा.

पर्वतीपायथा
खोडसाहेब, चिमटा झाला, आता उत्तर देऊ या.

काटेवाले, तुमचा प्रोग्रॅम बिघडलेला नाही. जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ लायब्ररी. ती जुन्या बायनरीला (बांधून तयार प्रोग्रॅमला) सांभाळून घेते, पण नव्या जीलिबसीवर बांधलेली बायनरी जुन्यावर चालेलच असं नाही. २०.०४ वर २.३१ आहे, २२.०४ वर २.३५, अल्मा ८ वर २.२८. त्यात २.३४ मध्ये प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनचीच नवी आवृत्ती आली. त्यामुळे २२.०४ वर साधा 'हॅलो वर्ल्ड' बांधलात तरी तो २.३४ मागतो.

तेव्हा लॅपटॉपवर बिल्ड करणं आजपासून बंद. डॉकरमध्ये कंटेनर, म्हणजे लॅपटॉपच्या आत वेगळं छोटं लिनक्स, मिळतं. उबुंटूसाठी २०.०४ चा आणि अल्मासाठी अल्मा ८ चा घ्या आणि त्यात बांधा. लॅपटॉपवर काय वाटेल ते टाका मग. ज्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर चालायला हवं, तिथेच बांधायचं.

रात्रपाळी
एवढा खटाटोप कशाला? ॲपइमेज करा. एक फाइल, सगळीकडे चालते.

पर्वतीपायथा
@रात्रपाळी सगळीकडे नाही हो. ॲपइमेजमध्ये सहसा जीलिबसी भरत नाहीत, म्हणजे जुन्या सिस्टिमवर बांधणं काही चुकत नाही. ॲपइमेजला लागणारी लिबफ्यूज २ ही लायब्ररी २२.०४ वर आधीपासून नसते, ती वेगळी टाकावी लागते. शिवाय यांना पोर्टची परवानगी लागणार. ते काम इन्स्टॉल होताना पॅकेजच करू शकतं, नुसती फाइल नाही.

हडपसर_आरपीएम
पर्वतीवाल्यांचं निम्मं बरोबर. जीलिबसीपुरतं 'जुन्यावर बांधा' चालतं, पण हे हिशेब सर्व्हरला पाठवतात म्हणजे ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीची लायब्ररी) आली. २०.०४ वर तिची लिबएसएसएल १.१ आहे, २२.०४ मध्ये ती काढून ३ आणली. २०.०४ वर बांधलेलं डेब (उबुंटूचं) पॅकेज १.१ वर अवलंबून असलं तर २२.०४ वर बसणारच नाही. मग लोक कुठून तरी जुनी लायब्ररी उतरवून कोंबतात. तसं करू नका, सुरक्षेची दुरुस्ती तिला मिळत नाही.

म्हणून सोर्स एक, पण कंटेनर तीन: २०.०४, २२.०४, अल्मा ८. प्रत्येकात तिथल्याच लायब्ररींवर बांधायचं. डेबमध्ये अवलंबनांची (लागणाऱ्या लायब्ररींची) यादी हाताने लिहू नका, डीपीकेजी-श्लिबडेप्स हे साधन बायनरी बघून स्वतः काढतं. अल्माच्या आरपीएम पॅकेजलाही ते जमतं. हाताने लिहिलेली यादी सहा महिन्यांत खोटी ठरते, स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय.

क्यूमेक सोडून सीमेकवर या. क्यूटी ६ तर स्वतःच सीमेकवर बांधतात. सीमेकसोबत पॅकेज बनवणारं सीपॅक येतं: त्याच वर्णनातून डेब, आरपीएम आणि विंडोजसाठी एनएसआयएसचा इन्स्टॉलर निघतो. आवृत्तीचा नंबर एकाच जागी ठेवा. चाचणीची आवृत्ती १.४ नंतर टिल्ड (~) आणि आरसी१ अशी लिहा, म्हणजे डेब आणि आरपीएम दोघेही तिला १.४ च्या आधीची धरतात.

काटेवाला_भोसरी
गिट घेतलं (खोडसाहेब, नमस्कार). सीमेकवर यायला दोन रात्री गेल्या. पण उबुंटूचं पॅकेज टाकताना पोस्टइन्स्ट (पॅकेज बसल्यावर चालणारी) स्क्रिप्ट अडते, म्हणते 'नो सच फाइल'. फाइल तर समोर दिसतेय!

जुनंखोड
ती स्क्रिप्ट विंडोजवर लिहिलीत ना?

काटेवाला_भोसरी
हो. नोटपॅडमध्ये. तुम्हाला कसं कळलं?

जुनंखोड
या वाटेने आम्हीही गेलोय. विंडोज ओळीच्या शेवटी एक अक्षर जास्त लावतं. पहिल्या ओळीत शेलचा (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) पत्ता असतो, त्याला ते चिकटतं आणि लिनक्स त्या चुकीच्या नावाचा शेल शोधत बसतं. हरवलाय तो शेल, फाइल नव्हे. गिटच्या गिटअॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये स्क्रिप्टसाठी एलएफ (लिनक्सचा ओळीचा शेवट) ठरवून टाका.

रात्रपाळी
विंडोजचं मी सांगतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये बांधा, विनडिप्लॉयक्यूटी चालवलं की क्यूटीच्या डीएलएल गोळा होतात. प्रोग्रॅम अनोळखी म्हणून विंडोजची निळी स्मार्टस्क्रीन पाटी येऊ शकते. ती टाळायला डिजिटल सहीचं सर्टिफिकेट लागतं आणि जून २०२३ पासून त्याची किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित जागीच ठेवावी लागते. म्हणजे चहाचं बजेट संपलं. पाचच गिऱ्हाइकं आहेत, स्वतः जाऊन टाकताय, तूर्त सोडा.

हडपसर_आरपीएम
२२.०४ वाल्याकडे काट्याची केबल सीएच३४० चिपवाली (यूएसबीवरून सिरियल) आहे का? असेल तर पोर्ट दिसून लगेच गायब होईल. बीआरएलटीटीवाय म्हणून ब्रेल पाटीसाठीचा प्रोग्रॅम असतो, तो तिला ब्रेलचं यंत्र समजून पळवतो. तिथे कुणी ब्रेल वापरत नसेल तर ते पॅकेज काढा. काट्याचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या खात्याला डायलआउट गटातही घाला, पोर्टची परवानगी त्या गटाला असते.

काटेवाला_भोसरी
अहो, हेच! पंधरा दिवस तो माणूस रोज फोन करतोय आणि मी त्याला केबल बदलायला सांगतोय. दोन बदलल्या त्याने.

आज तिन्ही कंटेनरमधून पॅकेज निघाली. अल्मावर पहिल्या फटक्यात बसलं, तो आयटीवाला चक्क 'बरं झालं' म्हणाला. तीन फोल्डरपैकी दोन उडवले. तिसऱ्यात चाकणची एक दुरुस्ती अडकलीय, ती आज रात्री गिटमध्ये आणतो. केबलचे पैसे मात्र मलाच द्यावे लागणार असं दिसतंय.