स्लाइड कमी करून भागत नाही
प्रेझेंटेशनमध्ये दहाच्या वर स्लाइड नकोत असं इथे कुणीतरी लिहिलंय ते बरोबरच, पण माझी गाडी आकड्यावर नाही, वाचून दाखवण्यावर अडायची. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत द्राक्षाच्या क्रेटचं प्रेझेंटेशन द्यायला गेलो, मी स्क्रीनकडे तोंड करून वाचतोय, परचेसवाले साहेब मोबाईलमध्ये, आणि मध्येच लाइट गेली. मग काय, सॅम्पल क्रेट उलटा ठेवला, त्यावर उभा राहिलो (वजन ८५ किलो, लपवण्यात अर्थ नाही) आणि बोलत सुटलो, तर साहेबांनी स्वतःहून रेट विचारला!

आता लाइट जायची वाट बघत नाही. पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं बी (B) हे अक्षर दाबलं की स्क्रीन काळी होते, परत दाबलं की स्लाइड तिथेच येते. रेटचा विषय निघाला की मी आधी ते दाबतो.