अनुभव धागा: बाळाला पाजायला कुठे आणि कशावर बसता?

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा अंगावर पितं. सुरुवातीच्या आठवड्यांत एकेक वेळ वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत लांबते. म्हणजे बाळंतिणीच्या दिवसातले कितीतरी तास बसण्यात जातात. तरी बाळ यायच्या आधी पाळणा, दुपटी, लंगोट या सगळ्याची यादी होते आणि आई बसणार कुठे हे कुणी विचारतही नाही. मग पाठीला रग लागते, मान अवघडते, खांदे भरून येतात, आणि "बाळंतपणात व्हायचंच असं" म्हणून विषय संपतो. मला हे अजिबात पटत नाही. यातलं बरंचसं दुखणं बसण्याच्या जागेमुळे येतं आणि जागा नीट केली की कमी होतं.

म्हणून तुम्ही कशावर बसलात ते इथे सविस्तर लिहा. उंची साधारण किती, बाळंतपण नॉर्मल की सीझर, टाके होते का, खुर्चीचं काय सोसलं आणि काय नाही, हे जरूर सांगा. नुसतं "छान आहे, घ्या" म्हटल्याने कुणाचं भलं होत नाही, कारण साडेपाच फुटांच्या बाईला सोयीची खुर्ची पाच फुटांच्या बाईला जाचते.

माझ्यापासून सुरुवात करते. माझी उंची पाच फुटांच्या आत. घरात एक खोल बैठकीचा सोफा आहे. मागे टेकून बसलं की पाय अधांतरी, आणि पाय टेकवायला पुढे सरकलं की पाठीला आधार नाही. अशा वेळी आपण नकळत बाळावर वाकतो आणि सगळा भार मान आणि खांद्यांमधल्या पट्ट्यावर येतो. शेवटी जेवणाच्या टेबलाची हातवाली लाकडी खुर्ची खोलीत आणली. मागे टेकून बसल्यावर गुडघ्यामागची पोटरी आणि बैठकीची कड यांच्यात माझी दोन-तीन बोटं सहज जातात, म्हणजे बैठकीची खोली माझ्या मांडीला बरोबर. कमरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी, पायांखाली बुटकं स्टूल. स्टुलामुळे गुडघे कमरेपेक्षा किंचित वर येतात आणि मांडीवरची उशी पुढे घसरत नाही. दिसायला साधी आहे, पण माझी पाठ या खुर्चीने राखली.

सीझर झालेली आई

माझ्यासाठी प्रश्न बसण्याचा नव्हताच, उठण्याचा होता. पोटावर ताजे टाके असताना मऊ, खोल, बुटक्या खुर्चीतून उठायचं म्हणजे पोटाचे स्नायू आवळावेच लागतात, आणि तिथेच कळ येते. त्यामुळे बैठक घट्ट हवी, गुडघ्याच्या उंचीची किंवा थोडी वर हवी, आणि खुर्चीचे हात भक्कम, पुढपर्यंत आलेले हवेत, म्हणजे त्यांवर जोर देऊन उठता येतं. उठण्याआधी बाळ दुसऱ्या कुणाकडे द्यायचं किंवा शेजारच्या पाळण्यात ठेवायचं, मग कडेला सरकून पाय मागे घ्यायचे आणि हातांवर जोर द्यायचा. बाळाला घेऊन उठायचा आग्रह पहिल्या आठवड्यांत कुणीच धरू नये.

दुसरी गोष्ट पकडीची. बाळ आडवं मांडीवर घेतलं की त्याचे पाय नेमके टाक्यांवर. मला दवाखान्यात काखेतली पकड शिकवली: बाळाचं अंग आपल्या कुशीला, पाय काखेखालून मागे, मान आणि खांदे आपल्या हाताच्या आधारावर. फार सोपं गेलं. पण तिथे खुर्चीची अडचण लक्षात आली. दोन्ही हात जवळजवळ असतील तर बाळाला बाजूला जागाच उरत नाही. आणि बाळाचे तळवे खुर्चीच्या पाठीला टेकले की ते पाय रेटतं, अंग ताठ करतं आणि स्तन सोडतं. पाठीमागे जाडसर उशी घेऊन मी थोडी पुढे बसले, म्हणजे बाळाचे पाय मोकळे राहिले. ज्यांना हीच पकड जास्त वापरायची आहे त्यांनी रुंद किंवा बिनहाताची खुर्ची बघावी, मात्र बिनहाताच्या खुर्चीत बाजूला उशांची चळत लागते आणि उठताना आधार मिळत नाही.

खाली टाके असलेली आई

पहिले काही दिवस कुठलीच खुर्ची सोसली नाही, हे मोकळेपणाने सांगते. कुशीवर झोपून पाजलं. बाळ माझ्याकडे तोंड करून कुशीवर, माझ्या पाठीमागे लोड, गुडघ्यांमध्ये उशी. नंतर बसायला लागले तेव्हा मध्ये भोक असलेली गोल उशी आणली होती, पण तिच्यावर फार वेळ बसू नका असं नर्सबाईंनी सांगितलं. त्यापेक्षा दोन्ही मांड्यांखाली घडी घातलेली चादर घेतली, म्हणजे मधल्या भागावर दाब येत नाही. फार नरमही नको, फार कडकही नको, एवढंच माझं खुर्चीबद्दलचं म्हणणं.

प्रसूती विभागात काम करणारी नर्स

वरचे अनुभव वाचले. मी रोज पाहते त्यातलं लिहिते.

आई पाजायला बसली की मी आधी तिचे खांदे पाहते. ते कानांकडे चढलेले दिसले तर बहुतेक वेळा खुर्चीचे हात तिच्यासाठी जास्त उंच असतात किंवा उशी फार जाड असते. खांदे सैल सोडून कोपर दुमडला की तो जिथे येतो, त्याच उंचीला खुर्चीचा हात हवा. हात खाली असतील तर उशी किंवा घडी घालून वर आणता येतं. उंच असतील तर मात्र काही करता येत नाही. म्हणून दोन खुर्च्यांत निवड करायची असेल तर कमी उंचीच्या हातांची घ्या.

मग मी मनगट पाहते. बाळाचं डोकं तळव्याने वर तोलून धरलेलं असतं, मनगट आत वळलेलं, अंगठा ताणलेला. असं दिवसभर चाललं की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागतं. त्या दुखण्याला डॉक्टर डी क्वेर्व्हेन म्हणतात आणि नव्या आयांमध्ये ते खूप दिसतं. बाळाचा भार उशीवर आणि खुर्चीच्या हातावर जायला हवा, तुमचा हात फक्त दिशा देण्यापुरता. दुखणं बसलंच तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

आधी स्वतः मागे टेकून नीट बसा, मग बाळाला स्तनापाशी आणा. स्तन बाळाकडे न्यायला वाकलात की कितीही चांगली खुर्ची वाया गेली. बाळाचं पोट तुमच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक स्तनाग्रासमोर. तोंड मोठं उघडलं की जवळ ओढा. हनुवटी स्तनात रुतलेली दिसली पाहिजे. हे सगळं होऊनही पाजताना शेवटपर्यंत दुखत असेल तर कारण खुर्चीत शोधू नका, बाळाची पकड कुणा जाणकाराकडून तपासून घ्या.

थोडं मागे रेलता येणारी खुर्चीही चांगली. रेलून बसलं की बाळ छातीवर पालथं राहतं, त्याचा भार आपोआप तुमच्या अंगावर येतो आणि हातांना काम उरत नाही. दूध जोरात येऊन बाळाला ठसका लागतो अशा आयांना तर मी आवर्जून रेलायला सांगते.

डुलत्या खुर्चीवाली

माझ्याकडे डुलती खुर्ची आहे आणि मी तिच्या प्रेमात आहे. बाळ पिऊन झालं की ढेकर काढताना, रडं शांत करताना तिचा झोका खरोखर कामी येतो. पण घेण्याआधी दोन प्रकार आहेत हे माहीत हवं. एक कमानी पायांची, जी पुढे-मागे कलते. दुसरी पट्ट्यांवर सरकणारी, जी जवळजवळ सपाट पुढे-मागे जाते आणि जागा थोडी कमी खाते. पाजायला बसताना खुर्ची हलता कामा नये, बाळाने स्तन नीट तोंडात धरेपर्यंत तर नाहीच. म्हणून खिट्टी लावून एका जागी थांबवता येईल अशीच घ्या. घरात मोठं भावंड रांगतं-धावतं असेल तर त्या कमानीखाली किंवा पट्ट्यांच्या मधल्या फटीत बोटं चिरडू शकतात. आमच्याकडे पाजून उठलं की खुर्ची खिट्टीत, हा नियम आहे.

आणि आवाज ऐका. दुकानाच्या गजबजाटात न जाणवणारी करकर मध्यरात्री, बाळ नुकतं झोपलेलं असताना, जीव काढते. कापडाचंही बघा: दूध गळतं, बाळ गुळणी टाकतं, कधी लंगोट दगा देतो. खोळ काढून धुता यायलाच हवी. रेक्झीन पुसायला सोपं, पण घामाने मांड्यांना चिकटतं. त्यावर सुती चादर अंथरली की झालं.

ऑफिसची खुर्ची वापरणारी

घरून काम करताना वापरायची तीच खुर्ची मी वापरली. उंची आणि हात वर-खाली करता येतात, ही फार मोठी सोय. पण चाकांना ब्रेक हवाच, नाहीतर बसताना-उठताना ती मागे पळते आणि हातात बाळ असतं. माझ्या चाकांना ब्रेक नव्हता, म्हणून भिंतीला पाठ लावून, जाड गालिच्यावर ठेवली.

रात्रपाळीची आई

एक प्रश्न. रात्री तीन वाजता आरामखुर्चीत पाजताना माझा डोळा लागतो. हात सैल पडतात. खुर्चीला दोन्ही बाजूंनी उशा लावल्या तर पुरेसं आहे का?

प्रसूती विभागात काम करणारी नर्स

नाही गं, उशा लावू नकोस. कृपा करून हे सगळ्यांनीच वाचा. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणं ही सगळ्यांत धोक्याची जागा आहे. बाळ आपल्या अंगाच्या आणि गादीच्या मध्ये, किंवा हात आणि उशीच्या फटीत सरकतं, नाक दाबलं जातं, मान पुढे पडून श्वास अडतो, आणि आवाजही होत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०२२ च्या सूचनांमध्ये सोफा, मऊ आरामखुर्ची किंवा बसायच्या मऊ उशीवर कुणासोबत झोपलेल्या बाळाच्या मृत्यूचा धोका ६७ पटींपर्यंत जास्त असल्याचं दिलं आहे. उशांनी तो कमी होत नाही, उलट वाढतो. पाजायची उशीसुद्धा फक्त पाजण्यापुरतीच, बाळाला तिच्यावर झोपवायचं नाही.

डोळा लागेल असं वाटत असेल तर त्या रात्री खुर्चीत बसूच नकोस. बाळाची वेगळी जागा सगळ्यांत चांगली, पण पाजताना झोप लागण्याची शक्यताच असेल तर उशा-पांघरुणं बाजूला सारलेला कडक गादीचा पलंग खुर्चीपेक्षा कमी धोक्याचा. जाग आली की बाळाला त्याच्या जागी पाठीवर ठेव. आणि घरातल्या कुणाला तरी गजर लावून उठायला सांग, पाजून झालं की बाळ उचलून न्यायला.

रात्रपाळीची आई

आजपासून नवरा उठेल. आत्ताच सांगितलं. मनापासून आभार.

जुळ्यांची आई

दोघांना एकदम पाजायचं तर हात नसलेला दिवाण किंवा चांगला रुंद सोफाच लागतो. दोन्ही काखांत दोघं, समोर जुळ्यांसाठीची रुंद उशी, पाठीमागे दोन कडक उशा. एकल खुर्चीत मला ते कधीच जमलं नाही. दुसरं बाळ हातात द्यायला माणूस लागतो, हे घरच्यांना आधीच बजावून ठेवा.

एका बाळाचा बाबा

पाजायला मला येणार नाही, पण खुर्चीच्या भोवतालचं सगळं माझ्याकडे आहे. बायको बसली आणि पान्हा फुटला की त्याच क्षणी तिला कडकडून तहान लागते, आणि नेमका तेव्हाच तिला हलता येत नाही. म्हणून खुर्चीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी ठेवायला जागा केली, कारण ती बाजू बदलते तेव्हा मोकळा हातही बदलतो. पाण्याची बाटली झाकण एका हाताने उघडेल अशी. गुळणी पुसायला सुती फडकी. दिवा मंद, आणि त्याचं बटण बसल्या जागी हाताला येईल असं. गरम चहा मात्र तिथे ठेवत नाही, बाळाच्या अंगावर सांडायची भीती.

नववा महिना लागलेली

सगळं वाचून काढलं. खुर्ची बघायला या आठवड्यात जायचंय, पण आत्ता पोटामुळे कुठेच नीट बसता येत नाही. मग पारखायची कशी?

धागाकर्ती

पोटावर भरवसा ठेवू नकोस, मापावर ठेव. घरी अनवाणी उभी राहा आणि गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजून घे. बैठक, दाबली गेल्यावर, साधारण तेवढ्याच उंचीची हवी. मग भिंतीला पाठ लावून ताठ बस आणि पार्श्वभागापासून गुडघ्यामागेपर्यंत माप घे. बैठकीची खोली त्याहून दोन-तीन बोटं कमी. खांदे सैल सोडून बैठकीपासून कोपरापर्यंतची उंची, ती हातांसाठी. तीन मापं झाली.

दुकानात बसशील तेव्हा लगेच उठू नकोस. पिशवीत तीनेक किलो वजन भरून कुशीत धर आणि निदान पंधरा मिनिटं बस. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्याच खुर्च्या छान वाटतात. मग एका हाताने पिशवी धरून उठून बघ. पाठ डोक्यापर्यंत उंच असेल तर उत्तम, कारण मान टेकवता येते. बाळाचं वजन पाचेक महिन्यांत दुप्पट होतं, तेव्हा जाड उशी काढून टाकावी लागते. म्हणून आत्ता उशी धरून आणि उशीशिवाय, दोन्ही प्रकारे बसून बघ. आणि घरातल्या खुर्चीला ही मापं जुळली तर नवी घेऊच नकोस, एक बुटकं स्टूल आण आणि आम्हाला इथे कळव.