एफडी सुटली, बँकांचे शेअर आता घेऊ का बजेटनंतर?

कळंगुटकार
३० जानेवारी २०२१, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. माझी ४ लाखांची एफडी परवा सुटली. बँकेत गेलो तर म्हणे आता पाच टक्क्यांच्या आसपास मिळेल, एके काळी मी नऊ घेतलेत हो. म्हणून डोक्यात आलं की बँकेत ठेवण्यापेक्षा बँकेचेच शेअर का घेऊ नयेत.

गेल्या मार्चमध्ये मी नुसता बघत बसलो. २३ मार्चला सेन्सेक्स ३९३४ अंकांनी आपटला, पण त्या आठवड्यात आमच्याकडे दूध-भाजीची मारामार, दुकानं बंद, शेअर कुणाला सुचणार. स्टेट बँक मे महिन्यात दीडशेच्या आसपास होती, काल २८२. एचडीएफसी बँक आठशेच्या खाली गेली होती ती आता चौदाशेच्या घरात. बघितलं की पोटात कालवतं.

भीती दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे कोरोना, लस सुरू झाली खरी पण ब्रिटनमध्ये तो नवीन प्रकार आलाय. दुसरी म्हणजे देशातलं वातावरण, २६ तारखेला लाल किल्ल्यावर काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, इथे गोव्यात मेळावली गावात लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला आयआयटी मागे घ्यावी लागली, मोलेच्या जंगलातल्या प्रकल्पांविरुद्धचं आंदोलन तर चालूच आहे. २१ तारखेला सेन्सेक्स ५० हजारांना शिवला आणि त्यानंतर सलग सहा दिवस पडतोय. सोमवारी बजेट. घेऊ का थांबू? बायको म्हणते सोनं घ्या आणि गप्प बसा.

(धंदा: चार रूम भाड्याने देतो, बीचपासून पाच मिनिटांवर. दुसरं उत्पन्न नाही.)

सत्तरीकर
३१ जानेवारी, सकाळी ८.०५

मेळावलीचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. तो जमिनीचा प्रश्न, लोकांनी आपली काजूची झाडं वाचवली, त्याचा बँक निफ्टीशी (बँकांच्या शेअरच्या निर्देशांकाशी) काडीचा संबंध नाही. आंदोलनाचे फोटो बघून शेअर घेणारे आणि विकणारे दोघेही फसतात. राजकारणाने बँकेला लागतं ते वेगळ्या ठिकाणी, कर्जमाफीत. एकदा माफी झाली की पुढच्या निवडणुकीपर्यंत चांगले भरणारे पण हात आखडतात. सरकार पैसे देतं पण सवकाश. तेव्हा लाल किल्ला बघू नका, कुठल्या बँकेचं शेतीकर्ज किती ते बघा.

मडगावचो_ट्रेडर
३१ जानेवारी, सकाळी १०.२२

पात्रांव एवढा विचार करशील तर म्हातारा होशील. सहा दिवस पडलंय म्हणजे सेल लागलाय. मोठ्या प्रायव्हेट बँकांनी गेल्या वर्षीच भांडवल गोळा करून ठेवलंय, आयसीआयसीआयने ऑगस्टात १५ हजार कोटी उभे केले, नवे शेअर ३५८ रुपयांनी विकून. कोटकने त्याआधी मे महिन्यातच केलं. ज्यांच्याकडे उशी आहे ते पडले तरी मोडत नाहीत. अर्धे उद्या सकाळी घे, अर्धे बजेट पडलं तर.

फोंड्याचा_पेन्शनर
३१ जानेवारी, दुपारी १.१५

कळंगुटकारबाब, मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची बरीचशी वसुलीत. मडगावच्या मित्राचं भांडवलाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, बाकीचं तुम्ही तेवढं मनावर घेऊ नका.

तुम्ही आज बँकेचा रिझल्ट उघडलात तर एनपीए (थकलेली कर्जं) छान दिसेल, कमी झालेला दिसेल. फसू नका. मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना मोरेटोरियम (हप्ते पुढे ढकलायची सवलत) होतं, आणि ३ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ३१ ऑगस्टपर्यंत जी खाती एनपीए नव्हती ती पुढच्या आदेशापर्यंत एनपीए म्हणायची नाहीत. म्हणजे ताप आहे पण थर्मामीटर लावायला बंदी. म्हणून रिझल्टमध्ये खाली बारीक अक्षरात 'प्रोफॉर्मा' आकडा शोधायचा, कोर्टाचा आदेश नसता तर एनपीए किती झाला असता तो. तो आणि वरचा यांत फरक किती, आणि त्यासाठी बँकेने तरतूद किती करून ठेवली, म्हणजे पैसे किती बाजूला काढले. मी तर आधी तेवढंच वाचतो. रिझर्व्ह बँकेने याच महिन्यात स्वतः अंदाज दिलाय की सगळ्या बँकांचा मिळून ग्रॉस एनपीए (तरतूद वजा न करता) सप्टेंबर २०२० च्या ७.५ टक्क्यांवरून या सप्टेंबरपर्यंत १३.५ वर जाऊ शकतो. अंदाज चुकतात, पण तो देणारा काही तुमच्या माझ्यासारखा व्हॉट्सॲपवाला नाही.

आणि हे आपण गोव्यात आधी बघितलंय हो. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकवाल्यांचे हप्ते दुसऱ्या दिवशी नाही थांबले. लोकांनी आधी शिल्लक घातली, मग बायकोच्या बांगड्या, मग मेव्हण्याकडून उसने, असं करत करत चार-पाच महिने ओढले. मग ९० दिवस थकले, मग एनपीए. घाव सप्टेंबरात बसला आणि रक्त दुसऱ्या वर्षी दिसलं. मी धारबांदोड्याला लोकांच्या अंगणात उभे ट्रक बघितलेत, चाकांतून गवत आलेले. हॉटेलवाल्यांचं आता तेच चाललंय असं मला वाटतं. डिसेंबरची गर्दी बघून कुणी भुलू नये, चार्टर विमानं कुठे आलीत अजून.

आता तुमचं. तुम्ही कंसात लिहिलंत ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. चार रूम, दुसरं उत्पन्न नाही. उद्या पुन्हा लाट आली तर पर्यटक थांबणार, तुमचं भाडं थांबणार, आणि त्याच आठवड्यात बँकांचे शेअर पडणार कारण सगळ्या हॉटेलवाल्यांचे, टॅक्सीवाल्यांचे हप्ते थांबणार. दोन्ही होड्या एकाच दोरीला. मग लाइट बिलासाठी तुम्ही शेअर विकायला जाणार ते नेमके तळाला. मार्चमध्ये शेअर नव्हते म्हणून तुम्ही हळहळताय, पण असते तर एप्रिलमध्ये विकले असतेत, रागावू नका. आधी वर्षभराचा घरखर्च बाजूला. उरलं तर एकदम नाही, महिन्याला थोडं थोडं, तेही एका बँकेत नाही, सरळ इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्याच कंपन्यांचे शेअर घेणारा फंड.

पेडणेकर७७
३१ जानेवारी, संध्या. ७.५०

माझा एक बावळट प्रश्न. माझ्याकडे एका सहकारी बँकेचे शेअर आहेत, कर्ज घेताना कापून घेतलेले. ते पण वाढतात का?

फोंड्याचा_पेन्शनर
३१ जानेवारी, रात्री ८.३०

नाही. ते सभासदत्वाचे भाग, बाजारात विकले जात नाहीत, दर्शनी किमतीलाच परत मिळतात आणि तेही बँक धड असेल तर. विमा फक्त ठेवींना, गेल्या ४ फेब्रुवारीपासून १ लाखाचा ५ लाख झाला. शेअरला विमा कसलाच नाही, सहकारी असो की लिस्टेड. लक्ष्मी विलास बँक बघा, नोव्हेंबरमध्ये डीबीएस बँकेत विलीन झाली, ठेवीदारांचा पैसा सुखरूप, शेअरहोल्डरला शून्य. येस बँकेत गेल्या मार्चमध्ये १०० पेक्षा जास्त शेअर असणाऱ्यांचे पाऊण हिस्सा शेअर तीन वर्षांसाठी अडकवले. बँक वाचली म्हणजे शेअरवाला वाचला असं नसतं.

आणि वहिनींना सांगा, सोनं पण कुठे ठेवता ते बघा. १९६१ ला गोंयकारांनी बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या पोर्तुगीज बँकेत गहाण टाकलेलं सोनं मुक्तीच्या तोंडावर लिस्बनला गेलं ते १९९१ ला परत आलं. खरी राजकीय उलथापालथ ती. 😄

मडगावचो_ट्रेडर
१ फेब्रुवारी, संध्या. ५.१०

बघितलंत? सेन्सेक्स २३०० पेक्षा जास्त अंकांनी वर, बँक निफ्टी आठ टक्के, स्टेट बँक एका दिवसात दहा टक्के! बजेटमध्ये दोन सरकारी बँकांचं खाजगीकरण, बुडीत कर्जांसाठी वेगळी कंपनी. पेन्शनर अंकलचं ऐकत बसा.

फोंड्याचा_पेन्शनर
१ फेब्रुवारी, संध्या. ६.००

अभिनंदन बाबा. कर्जं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवली, फेडली कुणी नाहीत अजून. पण आज तुझा दिवस.

कळंगुटकार
१ फेब्रुवारी, रात्री १०.२५

सगळ्यांचे आभार. खरं सांगू तर आज दुपारी दोन वाजता माझं बोट 'बाय' बटणावर होतं, पण डीमॅटचं केवायसी अडकलंय, पॅनवर आडनावात 'कर' आहे आणि आधारवर 'कार'. म्हणजे देवानेच थांबवलं की देवानेच बुडवलं, कळेना. अडीच लाख पुन्हा एफडीत घातले, बायकोला अर्धाच राग. उरलेल्या दीड लाखाचं पेन्शनरबाब म्हणतात तसं महिन्याला दहा हजार. आता एकच सांगा, आडनाव दुरुस्तीला पॅन बदलू की आधार? कुठलं लवकर होतं? कार्निव्हलसाठी पुण्याच्या पार्टीने दोन रूम बुक केल्यात, त्याआधी उरकलं तर बरं.