वाशीत पुनर्विकासाने घरं दुप्पट होणार, मग बागेचा हिशोब कोण करणार?

गुलमोहर_वाशी
पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. पुनर्विकासाला हो म्हणायचं की नाही, ते तिथे ठरेल. माझं मत 'हो' आहे. चार मजली इमारतीला चाळीस वर्षं झाली आणि गेल्या पावसाळ्यात शेजारच्या विंगमध्ये छताचा गिलावा ओट्यावर कोसळला. वहिनी नुकत्याच दूध उतरवून बाहेर आल्या होत्या.

बिल्डरने सादरीकरण केलं तेव्हा मात्र मी एकच गोष्ट शोधत होते. सेक्टरमधली बाग. ती नकाशात नव्हती, कारण आमच्या भूखंडाच्या कुंपणापाशी नकाशा संपतो. 2015 मध्ये राज्य सरकारने नवी मुंबईतल्या मोडकळीला आलेल्या इमारतींसाठी अडीच एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या अडीचपट बांधकाम) मंजूर केला, तेव्हापासून सगळीकडे हेच चाललंय. प्रत्येक सोसायटी आपल्या कुंपणाच्या आतलं बघते, बाहेरचं कुणीच बघत नाही.

साधा हिशोब मांडते, आकडे समजुतीपुरते. सेक्टरमध्ये 2000 घरं, घरटी चार माणसं, म्हणजे 8000 माणसं. बाग दोन एकर, म्हणजे साधारण 8000 चौरस मीटर. माणशी एक चौरस मीटर. घरं 4500 झाली की माणशी अर्धा चौरस मीटरही उरत नाही. केंद्र सरकारच्या शहर नियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे.

माझं म्हणणं एवढंच: जादा घरांना परवानगी देताना मोकळी जागा सेक्टरच्या हिशोबाने मोजा, आणि ती जमिनीवरची मोजा. सातव्या मजल्यावरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर, चार कुंड्या आणि प्लास्टिकचं गवत, त्याला मी बाग म्हणणार नाही.

तिसरा_मजला
काकू, तुमचा हेतू चांगला आहे, पण असल्या प्रश्नांनीच सभा उधळतात. आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी हेच झालं. आधी पार्किंगवरून वाद, मग झाडांवरून, मग कॉर्पसवरून, म्हणजे बिल्डर सोसायटीला देतो त्या रकमेवरून. दोन बिल्डर निघून गेले. या सहा वर्षांत वरच्या मजल्यावरचे आजोबा गेले. नवं घर बघायचं राहूनच गेलं त्यांचं. माझी आई गुडघ्यांमुळे दोन वर्षांत तीन वेळा खाली उतरली, तिन्ही वेळा दवाखान्यात जायला. तिला बाग दोन एकराची असो की दहा, लिफ्ट नसेल तर उपयोग काय? आधी लिफ्ट, आधी डोक्यावर धड छप्पर. बागेचं नंतर बघू.

नेरुळ_पूर्व
'नंतर बघू' म्हटलेली बाग मी तरी झालेली पाहिली नाही.

भाड्याचं_घर
मी आणि नवरा दोघंही वाशीत नोकरी करतो आणि कोपरखैरण्यात भाड्याने राहतो. अकरा महिन्यांनी भाडं वाढतं, नाहीतर सामान बांधावं लागतं. विकत घ्यायला गेलो की एजंट उलवे, तळोजा, करंजाडे दाखवतो. म्हणजे घर स्वस्त, पण दिवसाचे दोन-अडीच तास प्रवासात.

इथे सगळे आधीच घर असलेले बोलताय म्हणून सांगते. वाशीला 1992 पासून रेल्वे आहे, 2004 पासून ठाण्याला जाणारी ट्रान्सहार्बर आहे, शाळा, बाजार, नाट्यगृह सगळं आहे. जादा घरं इथे नाही बांधायची तर कुठे? तुमच्या सेक्टरमधली 2500 घरं अडवलीत तर ती माणसं नाहीशी होत नाहीत, डोंगराच्या पायथ्याशी किंवा खाडीच्या काठाला नवीन भराव टाकून राहायला जातात. मग तिथली झाडं गेली, पाणथळ गेली. ते कोणाच्या हिशोबात धरायचं?

दाट वस्ती म्हणजे वाईट वस्ती, असं मला वाटत नाही. बाग हवीच. पण बागेच्या नावाखाली घरं कमी करा असं कुणी म्हणालं तर मी विरोधात उभी राहीन.

जुहूगावकर
मोकळ्या जागेवर बोलायचा पहिला हक्क आमचा, इथल्या मूळ गावकऱ्यांचा.

1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सरकारची सिडको आली आणि 95 गावांची जमीन गेली. भातखाचरं, मिठागरं, खाडीतली मासेमारी, सगळं. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली लढलो, जानेवारी 1984 मध्ये पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले. ते सगळ्यांच्या हाती पडायलाही वर्षं गेली. तुमच्या सेक्टरमध्ये शाळा, मार्केट, बाग, प्रत्येकाला भूखंड आखून दिला. आमच्या गावठाणाभोवती रेघ मारली आणि आत जागा ठेवली नाही. कुटुंबं वाढली तशी गरजेपोटी घरं बांधली, ती अजून अनधिकृतच्या यादीत. आमची पोरं दोन इमारतींच्या फटीत क्रिकेट खेळतात. तुमच्या बागेत आली तर वॉचमन विचारतो, कुठल्या सोसायटीचे?

माणशी किती मीटर हे मोजायचंच असेल तर गावठाणापासून सुरू करा, ताई.

अजून एक. ही जमीन भरावाची आहे, भरतीच्या पातळीखाली. म्हणून तर धारण तलाव केले. भरतीला झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर जातं. आता प्रत्येक टॉवरखाली दोन तळघरं खणून वर काँक्रीट ओतताय. जमिनीत मुरणारं पाणी मग कुठे जाणार? आमचं गाव सखल आहे, आमच्या दारात येणार.

गुलमोहर_वाशी
@जुहूगावकर दादा, गावठाणाचं मी लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. मी सेक्टर म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त आमच्या इमारती होत्या. चूक मान्य. बाग महापालिकेची आहे, वॉचमनला कुणालाही विचारायचा अधिकार नाही.

नकाशावाला
वास्तुरचनाकार आहे, पुनर्विकासाचीच कामं करतो. बिल्डरचा माणूस म्हणून बाजूला सारण्याआधी नियम ऐका, कारण खरी मेख तिथे आहे.

राज्याची एकत्रित विकास नियमावली डिसेंबर 2020 मध्ये आली. तिच्यात भूखंड 4000 चौरस मीटर किंवा मोठा असेल तर 10 टक्के करमणुकीची मोकळी जागा सोडावी लागते. त्याहून लहान असेल तर नाही. सार्वजनिक सुविधेसाठी वेगळी जागा द्यायची ती दोन हेक्टर आणि त्यावरच्या भूखंडाला. आता शेजारशेजारच्या पाच सोसायट्या एकेकट्या गेल्या, तर प्रत्येक जण नियमात बसतो आणि कुणालाच काही सोडावं लागत नाही. त्याच पाच जणी एकत्र आल्या तर जमिनीवर सलग मोकळी जागा निघते, आतला रस्ता निघतो, अग्निशमनाची गाडी नीट वळते. घरं तेवढीच राहतात. म्हणजे काकू आणि भाड्याच्या घरातल्या ताई यांचं भांडण मुळात नाहीच. भांडण सुटं जायचं की एकत्र, एवढंच आहे.

पोडियमबद्दल काकू बरोबर आहेत. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात म्हटलं होतं की रहिवाशांसाठीची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी. पोडियमवर वड लावता येत नाही.

दाटीला घाबरू नका, हे मात्र मीही म्हणेन. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघा. चार्ल्स कोरिया यांनी साडेपाच हेक्टरांच्या आसपास साडेपाचशे कुटुंबांची वसाहत आखली. एकही टॉवर नाही, सात-सात घरांच्या मध्ये अंगण. आज जमिनीच्या भावात तसं परत बांधता येणार नाही, पण सामायिक अंगण मध्यभागी ठेवून घरं भोवती आखायची, हा क्रम टॉवरलाही लागू होतो. आम्ही उलटं करतो. आधी पार्किंग बसवतो, मग टॉवर, उरेल त्या कोपऱ्यात घसरगुंडी.

घोडबंदर_रोड
ठाण्याहून लिहितोय. आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत कॉम्प्लेक्सला लागून कॉम्प्लेक्स. प्रत्येकाच्या आत तरणतलाव, क्लब हाऊस, जॉगिंग ट्रॅक. आणि बाहेर? संध्याकाळी वडिलांना घेऊन बसायचं तर सर्व्हिस रोडच्या कडेला. समोर येऊरचा हिरवा डोंगर दिसतो म्हणून जाहिरातीत 'निसर्गाच्या सान्निध्यात' लिहितात. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आमच्या मुलांचं खेळायचं मैदान नव्हे. 2024 मध्ये कोलशेतला वीस एकरांचं मोठं उद्यान झालं, छान आहे, पण तिथे गाडीने किंवा रिक्षाने जावं लागतं. आठ वर्षांचं पोर रोज एकटं तिथे जाणार आहे का? बाग चालत पाच मिनिटांवर हवी. खारघरच्या सेंट्रल पार्कचं उदाहरण कुणी देण्याआधीच सांगतो, एक मोठी बाग दहा छोट्यांची जागा घेत नाही.

तिसरा_मजला
@नकाशावाला पाच सोसायट्या एकत्र? आमची एक सोसायटी एकत्र आणायला सहा वर्षं लागली, साहेब. पाच कमिट्या, पाच वकील, कुणाचा करार संपलेला, कुणाचं जमिनीचं हस्तांतरण अडकलेलं. आणि मधली मोकळी जागा कुणाच्या भूखंडावर येणार? ज्याच्यावर येईल तो म्हणणार, माझा चटईक्षेत्राचा वाटा कमी झाला. चूक आहे असं म्हणत नाही. पण तोवर माझ्या आईने जिने मोजत बसायचं का?

नकाशावाला
तो धोका खरा आहे. म्हणून पाचाचा हट्ट मी धरत नाही. भिंतीला भिंत असलेल्या दोघी आल्या तरी पुष्कळ सोसायट्या 4000 चौरस मीटरची रेघ ओलांडतात. वाटा कुणाचाही कमी होत नाही, चटईक्षेत्र एकूण भूखंडावर मोजतात.

भाड्याचं_घर
हे असं झालं तर माझा काहीच विरोध नाही. फक्त त्या मोकळ्या जागेला फाटक नको. आम्ही भाडेकरूही आत येऊन बसलो पाहिजे.

जुहूगावकर
आणि आम्हीसुद्धा.

गुलमोहर_वाशी
आज दुपारी कपाटातून भाडेपट्ट्याची प्रत काढली. आमचा भूखंड 2900 चौरस मीटर. मधली कंपाउंडची भिंत ज्यांच्याशी सामायिक आहे, त्या सोसायटीच्या सचिवबाईंना फोन केला. त्यांचा 2400. बेरीज 5300. त्यांचीही सभा पुढच्याच महिन्यात, आणि बिल्डर वेगळा. रविवारी सकाळी त्या आपल्या कमिटीतल्या दोघांना घेऊन आमच्याकडे येतायत.

@तिसरा_मजला, तुमच्या सहा वर्षांत नेमकं कुठे अडलं, ते मला मुद्देसूद लिहून पाठवाल का? रविवारी तेच आधी वाचून दाखवीन. @नकाशावाला, दोन बिल्डर असतील तर एकत्रीकरणाचा अर्ज कुणाच्या नावाने जातो?

तिसरा_मजला
आज रात्री पाठवतो, काकू. आमच्या भिंतीपलीकडेही एक सोसायटी आहे, तिचा आकडा विचारून तोही लिहितो.