मांडीवर बसेल अशी कोंबडी कोणती?

नवखी_पाळणारी:
आमच्याकडे तीन रोड आयलंड रेड आहेत. अंड्यांची तक्रार नाही. पण त्यातली एक भलती आगाऊ. दाण्याचं भांडं दिसलं की अंगावर धावून येते आणि बाकी दोघींना सुखानं खाऊ देत नाही. मुलीला उचलून घेता येईल अशी कोंबडी हवी आहे. सिल्की आणि एखादी लेगहॉर्न आणून याच खुराड्यात सोडू का?

खुराडेवाला:
सिल्की जरूर आणा, पण या तिघींच्यात सोडू नका.

सिल्कीसारखी गरीब कोंबडी नाही. पिसं कापसासारखी मऊ, त्यामुळे उडणं जवळपास नाहीच. उचलली की मुकाट बसते. माझ्याकडची एक तर पायाशी येऊन उभी राहते, उचलेपर्यंत हलत नाही. अडचण आहे ती डोक्यावरच्या झुपक्याची. वरचं, बाजूचं तिला धड दिसत नाही. दुसरी कोंबडी चाल करून आली, तर चोच बसल्यावरच हिला पत्ता लागतो. डोळ्यांपुढची पिसं जपून कातरली की बरीच सावध होते. आणि हो, उठसूट खुडूक बसते, तेव्हा अंड्यांचा हिशेब धरू नका.

लेगहॉर्न भांडखोर नसते, भित्री असते. तुम्ही दार उघडेपर्यंत ती छपरावर! पांढरी अंडी भरपूर देईल, खुडूक क्वचितच बसेल, पण मांडीबिंडी विसरा.

असीलप्रेमी:
नुसतं ‘शांत’ म्हणून भागत नाही. माणसाशी कशी वागते आणि आपल्या जातीशी कशी, हे निरनिराळं बघावं लागतं. असील जातीचंच उदाहरण घ्या. माझा कोंबडा कडेवर घेतला तरी हूं की चूं करत नाही, पोरंसुद्धा त्याला उचलतात. समोर दुसरा कोंबडा आला की मात्र मरेपर्यंत भांडेल. माद्याही काही कमी नाहीत, पिल्लं बरोबर असताना तर विचारूच नका.

नवखी_पाळणारी:
मग या तिघींबरोबर नांदेल अशी कोण? आणि त्या आगाऊ बाईला काढून टाकू का?

खुराडेवाला:
बफ ऑर्पिंग्टन. अंगानं भारी, चालीनं संथ, पिसारा जाड. एखादी चोच बसली तरी तिला फारसं वाटत नाही. एकटी आणू नका, दोघी आणा, म्हणजे सगळा मार एकीवर येत नाही.

आगाऊ बाईला राहू दे. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे या प्राणिशास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय की कोंबड्यांत कोण कुणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते. ही गेली की दुसरी कुणीतरी वर चढेल. त्यापेक्षा दाण्याची भांडी दोन ठेवा, एकमेकांपासून लांब. एकाच वेळी दोन्हीकडे तिला पहारा देता येत नाही. नव्या कोंबड्या आधी जाळीपलीकडे ठेवा. एकमेकींना बघून जाळीवर धावणं थांबलं की मगच एकत्र सोडा. रक्त दिसलं तर जखमी कोंबडी लगेच वेगळी करा, नाहीतर सगळ्या मिळून तिथंच टोचत बसतात.

असीलप्रेमी:
आणि घेताना शक्य तर पिल्लंच घ्या. मुलीनं रोज हातावर दाणे दिले तर रोड आयलंडचं पिल्लूसुद्धा माणसाळतं.