विषय: चार वर्षांची डिग्री आणि बोलोन्या

नमस्कार मंडळी,
सध्या सोलापुरात आहे, भाचीच्या बीएस्सीच्या अ‍ॅडमिशनचं चाललंय. आता एका वर्षानंतर सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि क्रेडिट, म्हणजे शिकल्याचे पॉइंट, सगळे अकॅडमिक बँकेत (विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात) जमा. इथले एक सर म्हणाले हे सगळं युरोपातून आलंय. जर्मनीवाले दादा, खरंय का ओ?

---
ताई,
अर्धंच खरंय. १९९९ ला इटलीतल्या बोलोन्या शहरात युरोपातल्या २९ देशांनी उच्च शिक्षण एकसारखं करायच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यात पहिली डिग्री कमीत कमी तीन वर्षांची म्हटलंय. इथे जर्मनीत जुनी लांबलचक डिप्लोम नावाची डिग्री मोडून तीन वर्षं बॅचलर अधिक दोन वर्षं मास्टर केलं आणि आपण मात्र तीनावरून चाराकडे चाललोय, तो अमेरिकेचा साचा. आणि शिकवायचं कॉलेजनं, परीक्षा युनिव्हर्सिटीनं, हे तर १८५७ ला मुंबईत लंडनवरून आलं, आपली सोलापूर युनिव्हर्सिटी २००४ ची, तरी रचना तीच.
मला खटकतं ते वेगळंच. युरोपात इरॅस्मस ही विद्यार्थी देवाणघेवाणीची योजना १९८७ ला सुरू झाली, पोरं ग्रँट घेऊन दुसऱ्या देशात शिकायला जायला लागली, मग त्यांचं शिकलेलं मोजायला १९८९ ला क्रेडिटची पद्धत आली. म्हणजे आधी पोरं हलली, मग हिशेब आला. आपल्याकडे हिशेबाची बँक आधी उघडली, पण सोलापूरच्या पोरीनं एक सेमिस्टर पुण्याला करायचं तर हॉस्टेलचे पैसे कोण देणार? ते मला तरी कुठल्या परिपत्रकात दिसलं नाही. तेवढं कॉलेजला विचारा, आणि चौथ्या वर्षाला लॅब आणि गाईड आहे का तेही.

---
दादा, विचारलं. चौथ्या वर्षाचं तेव्हाचं तेव्हा बघू म्हणाले, कॉलेजचं नाव लिहीत नाही.
मला मधेच सोडायच्या सोयीची जास्त भीती वाटते. अक्कलकोट, मंगळवेढ्याहून रोज एसटीनं येणाऱ्या पोरी आहेत, पहिल्या वर्षानंतर कागद हातात आला की घरचे म्हणणार झालं की शिक्षण, आता स्थळं बघू. पूर्वी डिग्री अर्धवट राहील म्हणून तरी तीन वर्षं पाठवायचे. हां, ज्यांना सोडावंच लागतं त्यांना निदान काहीतरी मिळतं आणि परत यायची वाट राहते, ते मान्य. पण परत येणाऱ्या किती ते कॉलेजांनी मोजायलाच पाहिजे.
भाचीला मी चारही वर्षं करायला लावणार. मंडळातल्या कुणी केमिस्ट्रीत रिसर्च केला असेल तर तिच्याशी बोलाल का? रविवारी तिला वेळ असतो.